खजिन्याचा शोध तिसऱ्या क्लूवर बसतो? आधी हे तपासा

हे जीएम, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेममास्टर मंडळींसाठी आहे. सगळं कोसळून गेल्यानंतरच्या जगात घडणारे टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायचे गोष्टीचे खेळ, जे चालवतात, त्यांच्याकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: खजिन्याच्या शोधाचं साहस पहिल्या सेशनला जोरात सुटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला जागीच बसतं. आमच्या बेळगाव भागात टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, जिथं जिथं टेबलं जमतात तिथं हा बिघाड मी निस्तरत आलोय, त्यामुळं तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय. फुकटात आणि पाच मिनिटांत होणारं आधी, सगळं उसवून पुन्हा शिवावं लागणारं शेवटी. नियमावली कुठलीही असो, वीस बाजूंचा फासा असो की सहा बाजूंचे दोन, काही फरक पडत नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर हाच बिघाड समजा.

- खेळाडू एका खोलीत अडकतात आणि तीच खोली परत परत शोधतात. "भिंत ठोकून बघतो." "परत रोल करू काय?"
- क्लू हातात असतो, पण पुढं कुठं जायचं यावर कुणी बोलत नाही. शेवटी एकजण म्हणतो, "तूच सांग की आता, कुठं जायचं ते."
- दर सेशनला तुम्हाला वाटेत एक म्हातारा उभा करावा लागतो आणि तो उत्तर सांगून निघून जातो.
- खजिना सोडून पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) भलत्याच कामाला लागते. डुकरं पाळते, बाजार मांडते, जीपला पत्रा ठोकते. यात मजा आहेच, ती मोडू नका. पण खजिन्याचं नाव काढलं की दर वेळी विषय बदलत असेल तर ते लक्षण आहे.
- मोबाइल बाहेर येतात.
- खजिना सापडतो आणि कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाही. हे सगळ्यात वाईट, कारण तोवर चार सेशनं खर्ची पडलेली असतात.

पुढची बहुतेक उदाहरणं एकाच साहसातून देतो, म्हणजे नाडी नीट लागेल. जग कोसळून पंचवीस वर्षं झालीत. येळ्ळूरच्या राजहंसगडावर एक वस्ती आहे. गडाखालच्या विहिरीवर जुन्या सोलर पॅनलवर कसाबसा चालणारा पंप होता, त्याचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, झिजून निकामी झालाय. वस्तीत पितळ वितळवण्याइतकी भट्टी आहे, पण साचा घालायला पॅटर्न, म्हणजे वाळूत आकार उठवायचा नमुना, नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो पॅटर्न होता, अॅल्युमिनियमचा, असं वस्तीतली एक म्हातारी सांगते. हाच खजिना.

१. मागचं कुणाला आठवतंय का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. सेशन सुरू करताना तुम्ही मागची गोष्ट सांगू नका, खेळाडूंना सांगायला लावा आणि गप्प बसून ऐका. आपल्याकडं दोन सेशनांत तीन-तीन आठवडे जातात. कुणाची परीक्षा, कुणाकडं लग्न, गणपतीत तर महिनाभर टेबल लागत नाही. तुम्ही साहस लिहिलंय म्हणून ते तुमच्या डोक्यात ताजं असतं; खेळाडूला मात्र "ती कसली तरी चिठ्ठी" एवढंच आठवत असतं. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर साहसात काही बिघडलेलं नाही, फक्त क्लू हवेत विरलेत.

उपाय: प्रत्येक क्लू हातात धरता येईल असा द्या. पाठकोऱ्या कागदावर लिहा, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर सरळ ग्रुपवर फोटो टाका. तोंडी सांगितलेला क्लू म्हणजे दिलेलाच नाही असं धरून चाला. निम्मी टेबलं इथंच सुटतात, तेव्हा ही पायरी गाळून पुढच्या पायरीवर उडी मारू नका.

२. हा खजिना नेमका कुणाला हवाय?

हीही तपासणी फुकटच, पण उत्तर पचायला जरा जड जातं. प्रत्येक खेळाडूला वेगळं विचारा: "तुझ्या पात्राला हे मिळालं तर उद्या सकाळी काय बदलेल?" उत्तर "पैसे मिळतील", "एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळेल" असं आलं तर बिघाड सापडला.

आपण सगळे सोन्याच्या हंड्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. वाड्याच्या भिंतीतला हंडा, त्यावर बसलेला नाग. त्यामुळं खजिना म्हटलं की हात आपोआप सोन्याकडं जातो. पण ज्या जगात बाजारच उरला नाही तिथं सोन्याचं करायचं काय? तिथं मोल असतं ते वापरता येणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा बनवता येणाऱ्या गोष्टींना. एक इंपेलर सापडला तर एक पंप चालतो, तोही झिजेपर्यंत. पॅटर्न सापडला तर हवे तितके इंपेलर ओतता येतात, शेजारच्या वस्त्यांना विकता येतात आणि मग पॅटर्न चोरायला माणसंही येतात. एका वस्तूतून पुढची चार साहसं निघतात. बेळगावात फाउंड्रीत काम केलेलं माणूस बहुतेक घरांच्या ओळखीत असतं. त्याला विचारा, पॅटर्नशॉपमध्ये काय काय असतं, कशाला किती जपतात. असला तपशील कुठल्याही तयार पुस्तकात मिळणार नाही.

गरज प्रत्येक पात्राला वेगळी चिकटवा. एकाची बहीण रोज गडाखालून घागरी आणते. दुसऱ्यानं वस्तीच्या पाटलाकडं शब्द टाकलाय. तिसऱ्याला वस्तीच सोडायची आहे आणि पॅटर्न ही त्याची परवानगीची चिठ्ठी आहे. चौघांना एकाच कारणासाठी खजिना हवा असेल तर त्यांच्यात बोलायला काही उरत नाही, आणि बोलणं थांबलं की क्लूसुद्धा कुणी उलगडत नाही.

३. क्लू फाशांच्या मागं कोंडलाय का?

साहसाचा कागद काढा आणि "रोल जमला तर सापडतं" असं जिथं जिथं लिहिलंय तिथं खूण करा. मग हिशेब करा. वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडलं की जमलं, म्हणजे शक्यता ६० टक्के. ऐकायला बरी वाटते. पण असे पाच क्लू एकामागून एक असतील आणि प्रत्येकावर एकदाच रोल असेल, तर पाचही सापडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे बारा-तेरा टेबलांपैकी एक टेबल शेवटाला पोचणार आणि बाकीची भिंत ठोकत बसणार. खेळाडू आळशी नाहीत, गणितच त्यांच्या विरुद्ध आहे.

यावर बरेच जीएम चौघांनाही रोल करायला लावतात. चौघांतला एकजण तरी जमवण्याची शक्यता ९७ टक्क्यांवर जाते, म्हणजे क्लू जवळजवळ नेहमीच सापडतो. मग फासा टाकायचाच कशाला?

उपाय असा: पुढं जाण्यासाठी जे कळणं भागच आहे ते रोलशिवाय द्या. पात्र तिथं गेलं, त्यानं पाहिलं, मिळालं. फासे त्यावरच्या गोष्टींसाठी ठेवा. उद्यमबागेतल्या शेडमध्ये शिरलं की पॅटर्नशॉपचा रजिस्टर सापडतोच आणि त्यात दिसतं की मालकाच्या दोन मुलांत वाटणी झाली: पॅटर्न थोरल्याला, कोअर बॉक्स धाकट्याला. रोल जमला तर जास्तीचं काय? रजिस्टर परवाच कुणीतरी चाळलंय, पानावरची धूळ पुसलेली आहे. रोल फसला तर? सापडायला वेळ लागला, बाहेर कुत्री जमली. शोध थांबला नाही, महाग झाला.

ती वाटणी मुद्दाम घातली आहे. आतून पाण्याच्या वाटा असलेला बंद इंपेलर ओतायचा तर पॅटर्ननं वाळूत बाहेरचा आकार उठतो आणि आतली पोकळी कोअरनं, म्हणजे साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यानं, येते. कोअर घडतो कोअर बॉक्समध्ये. एकट्या पॅटर्नवर पितळेचा भरीव गोळा मिळेल. दोन भावांना एकमेकांशिवाय ओतकाम करता येऊ नये म्हणून बापानं केलेली ही वाटणी टेबलावर कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जमिनीच्या वाटणीच्या चार गोष्टी प्रत्येकानं घरी ऐकलेल्या असतात.

४. एका ठिकाणी पोचायच्या वाटा किती?

एका निष्कर्षाला किमान तीन क्लू, हा संकेत जीएम मंडळींत जुना आहे, आणि जुना आहे म्हणून बरेच जण तो वाचून पुढं जातात. पुन्हा हिशेबच बघा. वरच्याच ६० टक्क्यांच्या फाशानं प्रत्येक टप्प्याला तीन स्वतंत्र क्लू ठेवले तर त्यातला एक तरी सापडण्याची शक्यता ९३.६ टक्के. पाच टप्पे सगळे पार होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के. आठवरून बहात्तर. पण लक्षात घ्या, तरीही चारातलं एक टेबल अडतंच. म्हणून तिसरी पायरी आधी आणि ही नंतर.

तीन क्लू म्हणजे एकच गोष्ट तीन कागदांवर लिहिणं नव्हे. तीन वेगळ्या प्रकारच्या खेळाडूंना तीन वेगळी दारं हवीत. धाकटा भाऊ हिडकल धरणाच्या बाजूला गेला, हे कळायला मी असे क्लू ठेवतो:

वस्तू: स्टीलचा तांब्या, त्यावर लग्नात कोरतात तसं नाव, तारीख आणि "हुन्नूर" (हिडकलकडचं गाव). नाव कोरलेली भांडी हा आपल्या मुलखातला सगळ्यात टिकाऊ दस्तऐवज आहे. कागद जातो, मोबाइल मरतो, तांब्या राहतो.

माणूस: वंटमुरी घाटात टोल घेणारी एक बाई. धाकट्याकडून तिला अजूनही दर पावसाळ्याआधी पितळेचे बुश येतात. ती फुकट सांगणार नाही.

जागा: थोरल्याच्या घराच्या भिंतीवर कोळशानं काढलेला नकाशा, त्यात एक नदी आणि पाण्यात अर्धं बुडालेलं शिखर.

बोलका खेळाडू बाईकडं जातो, शोधक खेळाडू भांडी चाळतो, आणि जो आतापर्यंत गप्प होता तो नकाशा बघून म्हणतो, "अरे, हे हिडकलचं देऊळ नव्हे काय?" गप्प खेळाडूकडून असं वाक्य आलं की समजा गाडी रुळावर आली.

लिपीचं एक व्यवधान ठेवा. टेबलावर कन्नड वाचता येणारा एकच असेल आणि तोच क्लू कन्नड पाटीवर असेल, तर तो आजारी पडला त्या दिवशी साहस बंद. पाटी ठेवा, पण तीनातली एक म्हणून.

५. तो क्लू तिथं टिकला असता का?

आता कामाला थोडा वेळ लागेल. खेळाडू क्लूवर विश्वास ठेवेनासे होतात, कारण जग त्यांना खरं वाटत नाही. पंचवीस वर्षांनी पेट्रोलपंपावर पेट्रोल मिळालं, बॅटरी लावल्याबरोबर जीप सुरू झाली, की कुठलातरी मेकॅनिक खेळाडू हसतो आणि तिथून पुढं सगळंच "असेल काहीतरी" होऊन जातं. जे तर्कानं चालत नाही त्यावर तर्क कोण लढवणार? म्हणून काय टिकतं आणि काय नाही हे एकदा ठरवून ठेवा.

पेट्रोल काही महिन्यांत उतरायला लागतं; इथेनॉल मिसळलेलं तर हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी खाली बसतं. डिझेल थोडं जास्त तग धरतं, मग टाकीच्या तळाच्या पाण्यात बुरशी धरते. लेड-ॲसिड बॅटरी न वापरता पडून राहिली तर काही वर्षांत मेलेली. इन्सुलिनला थंडावा लागतो, थंडावा गेला की आठवड्यांचा खेळ. गोळ्या मात्र कोरड्या जागी छापील तारखेनंतरही बरंच बळ धरून असतात. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन वर्षभरात उडतो, त्यामुळं "पाणी शुद्ध करायची पावडर" हा खजिना म्हणून बाद. सोलर पॅनल वर्षागणिक थोडं थोडं कमी देतं, पण देत राहतं.

लोखंड गंजतं, पण ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेली बेअरिंग टिकते. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तोच त्याला राखतो. माझा पॅटर्न म्हणूनच लाकडाचा नाही. लाकडी पॅटर्न खानापूरच्या बाजूला ठेवला असता तर वाळवीनं त्याचा भुगा केला असता. तांब्याचं तर विचारूच नका. हलशीला सापडलेले कदंबांचे ताम्रपट पाचव्या शतकातले आहेत आणि आजही वाचता येतात. वीजतारांचं तांबं मात्र पहिल्या वर्षीच लुटलं गेलं असणार.

जागेचाही विचार करा, कारण एकाच जिल्ह्यात दोन वेगळी हवामानं आहेत. कणकुंबीकडं मलप्रभा उगवते तिथं पावसाची धार, झाडी, जांभा. पंचवीस वर्षांत रस्ता दिसेनासा होईल. अथणी-रायबागकडं कोरडं, तिथं कागदही दडून राहील. कागदाचा क्लू पूर्वेला ठेवा, कोरीव क्लू पश्चिमेला. गोकाकच्या धबधब्यावरचा झुलता पूल सगळ्यांना साहसात हवाच असतो, आणि का नसावा, खाली ५२ मीटरचा कडा आहे. पण पोलादी दोर, देखभाल नाही, पावसाळ्यात सतत तुषार: पंचवीस वर्षांनी तो पूल धड नसणार. अर्धवट लटकलेला पूल दाखवा. धड पुलापेक्षा त्यात खेळायला जास्त आहे.

सगळ्यात फायद्याचं उदाहरण हिडकलचं. घटप्रभेवरच्या या धरणाच्या फुगवट्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ बुडतं आणि पाणी उतरलं की वर येतं, हे इकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. साहसात बहुतेक जण लिहितात, "उन्हाळ्यात देऊळ उघडं पडतं, गाभाऱ्यात खजिना." आता विचारा, पाणी उतरतं कशानं? बाष्पानं थोडंफार, पण मुख्यतः खाली पाणी सोडल्यानं. जग कोसळलं, दरवाजे कुणी हलवत नाही. मग धरण भरलेलंच राहील, जादाचं पाणी वरून जाईल आणि देऊळ उन्हाळ्यातही बाहेर येणार नाही.

खेळाडूंना हे कळलं की साहस आपोआप उभं राहतं. देऊळ बघायचं तर कुणीतरी दरवाजा उचलला पाहिजे. दरवाजाजवळ एक वस्ती आहे, तिला धरण भरलेलं हवं, कारण मासे. खालच्या वस्त्यांना पाणी हवं, पण एकदम नको. धाकट्या भावानं कोअर बॉक्स दुधाच्या कॅनमध्ये बंद करून त्या देवळात ठेवला तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं की दोन्हीकडच्या माणसांचं एकमत झाल्याशिवाय तो कुणाच्या हाती लागणार नाही. कोडं एकही घालावं लागलं नाही. पाणी कसं वागतं एवढंच लिहिलं.

पेवाबद्दल, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याबद्दल, दोन शब्द. जमिनीतलं ज्वारीचं पेव हा इकडच्या मातीतला उत्तम खजिना आहे, पण पंचवीस वर्षं जुनी ज्वारी उगवत नाही. म्हणून पेव जुनं आणि ज्वारी गेल्याच सुगीची ठेवा. म्हणजे ती कुणाची तरी आहे आणि तो परत येणार आहे. पेव उघडल्याबरोबर उडी मारणाऱ्या पात्राचं काय होतं हेही ठरवून ठेवा. बंद पेवात धान्याच्या श्वसनानं ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची.

६. उशीर केला तर काय बिघडतं?

ही तपासणी छोटी आहे. "काही नाही" असं उत्तर असेल तर खेळाडू डुकरंच पाळणार. सहा चौकटी आखा आणि पार्टीनं जिथं वेळ घालवला तिथं एक भरा. दुसऱ्या चौकटीला विहिरीवर भांडण होतं, चौथीला वस्तीतली दोन घरं गड सोडतात, सहावीला रजिस्टर चाळणारी दुसरी टोळी धरणावर पोचते. चौकटी खेळाडूंना दिसू द्या.

अंतरंही खरी ठेवा. पायी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर धरले तर बेळगावहून खानापूर एका दिवसात, हिडकल दोन-अडीच दिवसांत, गोकाक तीन दिवसांत. अथणीला क्लू ठेवलात तर जाऊन येऊन दोन आठवडे गेले, आणि तो प्रवास खेळून काढण्याची तयारी नसेल तर क्लू जवळ आणा.

दुसरी टोळी लिहिताना एक पथ्य. मराठी टोळी विरुद्ध कन्नड टोळी असं लिहायचा मोह होतो, होतोच. १९५६ पासूनचं सीमावादाचं भांडण टेबलावर आलं की खजिना बाजूला राहतो आणि रात्री दोनपर्यंत महाजन अहवालावर चर्चा चालते. टोळ्या धंद्यावरून पाडा: मासेवाले, भंगारवाले, तंबाखूवाले. निपाणीच्या वखारींत राहणारी टोळी कुठल्या भाषेत बोलते यानं काही अडत नाही.

७. साखळी मोडून जाळं करा

इथवर येऊनही साहस हलत नसेल तर रचनाच चुकली आहे. अ वरून ब, ब वरून क अशी एकेरी साखळी असेल तर वरचे सगळे उपाय ठिगळं ठरतात. एक सबंध संध्याकाळ लागेल, कागद नवा घ्या.

चार-पाच जागा लिहा आणि प्रत्येक जागेतून बाकीच्या किमान दोन जागांकडं बोट दाखवणारं काहीतरी ठेवा. उद्यमबाग, थोरल्याचं घर, घाटातला टोल, धरणाचा दरवाजा, देऊळ. पार्टी टोलवरून सुरू करून धरणावर गेली आणि उद्यमबागेत शेवटी आली तरी चाललं पाहिजे. कुठल्याही जागेवर झाकण ठेवून बघा, उरलेल्या जागांवरून शेवट गाठता येतो का? येत नसेल तर ती जागा म्हणजे तुमचा अडथळा.

फक्त खजिन्याची जागा पक्की ठेवा. खेळाडू जिथं जातील तिथं खजिना सरकवायचा ही युक्ती एकदा चालते, दुसऱ्यांदा ते ओळखतात आणि मग कुठलाच क्लू कुणी मनावर घेत नाही. अर्थात पार्टीनं तुमच्यापेक्षा चांगला तर्क लढवला तर तोच खरा माना. याला मी लबाडी म्हणत नाही.

८. बिघाड साहसात नसेल तर

वरचं सगळं तपासलं, साहस दुसऱ्या टेबलावर मस्त चाललं, तुमच्याच टेबलावर बसतं. मग टेबलाकडं बघा. एकजण सगळे निर्णय घेतो का? दोघांचं बाहेर काही बिनसलंय का? कुणाला मुळात मारामारीच हवी आहे आणि तो भिडेपोटी क्लू शोधतोय का? हे क्लू वाढवून सुटत नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी चहा घेताना सरळ विचारा. एखाद्याला हा प्रकारच आवडत नसेल तर त्याला पुढच्या साहसाला बोलवा, यात राग धरण्यासारखं काही नाही.

इथं थांबा आणि जाणत्याला बोलवा

साहस दोनदा नव्यानं लिहूनही तिसऱ्या क्लूवरच अडत असेल तर तिसऱ्यांदा लिहू नका. कागद दुसऱ्या अनुभवी जीएमला द्या आणि तुम्ही खेळाडू म्हणून बसा. आपणच लिहिलेल्या क्लूमधला खड्डा आपल्याला दिसत नाही.

दुसरं जास्त गंभीर आहे. कोसळलेलं जग म्हणजे पूर, उपास, घर सुटणं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेकाठी कितीतरी घरं गेली, आणि तुमच्या टेबलावर गोकाक-चिकोडीकडचं कुणी असेल तर धरणाचा दरवाजा उचलण्याचा प्रसंग त्याच्यासाठी खेळ असेलच असं नाही. पहिल्या सेशनआधी विषय सांगा, नको असेल ते कापा, टेबलावर एक्स कार्ड ठेवा, म्हणजे कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथंच थांबतो. तरीही कुणी गप्प झालं, हात थरथरायला लागले, तर खेळ तिथंच बंद. समजूत घालून प्रसंग पुरा करू नका आणि समुपदेशकही बनू नका. त्रास नंतरही टिकला तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, नाहीतर डॉक्टर.

तिसरं, खेळ रंगला की कुणीतरी म्हणतंच, "चल की, खरंच जाऊन बघू." बघायला जरूर जा, शोधायला नको. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती आणि सफा मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यानं तिथं खणणं, कोरणं, रंगवणं गुन्हा आहे, खडूचा क्लूसुद्धा लिहू नका. भीमगड अभयारण्यात, त्यातल्या बारापेडे गुहांकडं तर अजिबातच, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. तिथल्या दुर्मीळ वटवाघळांना तुमचा टॉर्च नको आहे. हिडकलच्या उघड्या पडलेल्या गाळात स्थानिक माणूस बरोबर नसेल तर उतरायचं नाही. जुनं पेव उघडायचं नाही, कंदील असला तरी. पेवात कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, १०१ ला फोन करा. असल्या वेळी वाचवायला उतरलेलाच दुसरा बळी ठरतो.

आणि गावात कुणाच्या वाड्यात सेशन ठेवलंत तर "गुप्तधन शोधायला आलोय" असं गमतीनंही म्हणू नका. आपल्या भागात त्यापायी खरोखर अघोरी प्रकार झालेले आहेत आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं त्याला शिक्षा आहे. घरातल्या मोठ्यांना आधी फासे, नकाशा, कागद दाखवा, काय खेळतोय ते सांगा, मग दार लावून घ्या.